चार कोपऱ्यांचं कूळ

परमेश्वराने हे जग घडवलं असेल, पण ते तपासून पास करायचं काम त्याने आमच्या व्याह्यांकडे दिलेलं आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. अंबडच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. यंत्रावरून उतरलेला तुकडा हातात घ्यायचा, मापायचा, 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं आणि पुढचा उचलायचा. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, संध्याकाळी आमच्या इथल्या गंगेवर चक्कर मारतात, नाहीतर घरात बसून सुनेला सल्ले देतात. यांनी यातलं काही म्हणजे काही केलं नाही. कारखान्याने त्यांना सोडलं, त्यांनी तपासणी सोडली नाही. शर्टाच्या खिशात पेन असावं तसं त्यांच्या खिशात माप घ्यायचं व्हर्निअर असतं, आणि दुसऱ्या खिशात एक भिंग. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा मी गरम पोळी वाढली, तर या गृहस्थाने ती व्हर्निअरच्या चिमटीत धरली. माझा जीव टांगणीला. शेजारी आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. व्याही म्हणाले, "टॉलरन्समध्ये आहे," म्हणजे माप चालेल इतपत बरोबर, आणि जेवायला लागले. नंतर लेकीने सांगितलं की आई, याच्याहून मोठं कौतुक त्या घरात आजवर कुणाचं झालेलं नाही.

खरी ओळख त्याआधीच झाली होती, मुलगी बघायला आले तेव्हा. मी इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून पोहे, शिरा, नवे पडदे असा घाट घातला होता. मुलाकडचे आले, बसले, पोरगी बाहेर आली, आणि मुलाचे वडील जागेवर नाहीत. पाहते तर हे महाशय गॅलरीत माझ्या तुळशीच्या कुंडीपुढे वाकलेले, डोळे मिटलेले, आणि तुळशीचा दांडा दोन बोटांत धरून विडीसारखा फिरवतायत. मला वाटलं, काहीतरी व्रत असेल बाई त्यांच्याकडे. डोळे उघडून म्हणाले, "बघा, चार कोपरे लागतात. तुळशीच्या कुळाची ही खूण." आमचं कूळ कोणतं, देवक कोणतं, मामेकूळ कोणतं, यातलं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाले की मुलगी पास आहे, आणि तुळससुद्धा.

तर या कुळाचं वेड त्यांना कसं लागलं ते कुणालाच नीट माहीत नाही. लागलं एवढं खरं. जगात लाखो झाडं असताना यांनी एकच घराणं धरलं, ज्यांचा दांडा चौकोनी त्यांचं. तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा, रानातला तुंबा, बांधावरची दीपमाळ, अशी सगळी सोयरीक त्यांना तोंडपाठ. एकदा माझ्याबरोबर भाजीबाजारात आले आणि पुदिन्याची प्रत्येक काडी फिरवून बघायला लागले. भाजीवाली बाई आधी बघत राहिली, मग म्हणाली, बाबा, घ्यायचा आसंल तर घ्या, नायतर वाती वळायला कापूस बसा घेऊन. व्याह्यांनी तिला शांतपणे सांगितलं की माल उत्तम आहे, एकही काडी रिजेक्ट नाही. त्या बाईने जुडीवर दोन मिरच्या फुकट दिल्या. दुसऱ्या एका दिवशी आमच्या दारात चपला काढता काढता दरवाज्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, विहीणबाई, सागवान आहे ना? हाही तुळशीचाच भाऊबंद. कोवळी सागाची फांदी बोटात धरा, चार कोपरे लागतील. मी म्हटलं, काहीतरीच काय! एवढासा तुळशीचा जीव आणि एवढा मोठा साग! ते गेल्यावर मात्र मी दारापाशी उगाच उभी राहिले. जन्मभर ज्या दाराला कडी लावली, त्याच्यापुढे गॅलरीतली कुंडी त्याची धाकटी बहीण म्हणून उभी आहे, हे काही केल्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी चटणीसाठी पुदिना निवडताना, कुणी बघत नाही अशी खात्री करून, मीही डोळे मिटले आणि काडी फिरवली. लागले की हो चार कोपरे! इतकी वर्षं पुदिना निवडतेय, बोटांना कधी कळलं नव्हतं.

पण माणूस म्हटलं की खोड आलीच, आणि यांची एक खोड मला फार झोंबायची. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे हा माणूस बघत नसे. माझ्याशी बोलताना ते आमच्या फ्रिजकडे बघायचे. गेल्या दोनेक वर्षांत ते फारच वाढलं होतं. मी विचारणार, चहात साखर किती घालू, आणि हे फ्रिजला सांगणार, अर्धा चमचा. आता मी मुलीची आई झाले म्हणून काय फ्रिजहून हलकी झाले? एकदा मी मुद्दाम जाऊन फ्रिजपुढेच उभी राहिले, म्हटलं आता तरी बघाल. तर यांनी नजर काढली आणि मिक्सरवर ठेवली. मी मिक्सरपाशी गेले तर खिडकीवर. आमचे हे हसून हसून बेजार, म्हणाले, अगं ते फुगडी घालतायत तुझ्याशी. मी मनात म्हटलं, असो, मुलाकडचे आहेत, थोडा तोरा असायचाच.

गेल्या वर्षी भाद्रपदात, गणपती उठल्यावर, दोन्ही घरची माणसं मिळून आम्ही घोटीच्या पुढे डोंगरात एक दिवस फिरायला गेलो. तिथे वर एक कातळाचं पठार आहे. पावसाळाभर त्याच्या खोलगट भागात गुडघाभर पाणी साठतं आणि दसरा-दिवाळीपर्यंत आटून जातं. त्या पाण्यात काहीतरी जांभळं उभं होतं. व्याही त्याच्याचसाठी आले होते, ते आम्हाला तिथे कळलं. त्यांच्या कुळात एक जण पाण्यात राहतो म्हणे, जांभळी मंजिरी नावाचा, आणि आपल्या सह्याद्रीतल्या अशाच कातळांवरच्या पाण्यात तो उगवतो. बाकी सगळे नातेवाईक भेटून झाले होते, हा एकच राहिला होता. लेकीने मोबाईल काढून फोटोवरून नाव शोधायला घेतलं, तर मोबाईलने तीन नावं सांगितली आणि त्यातलं एक झाड परदेशातलं निघालं. व्याही म्हणाले, ह्याला तपासणी म्हणत नाहीत, ह्याला अफवा म्हणतात. मग पँट वर दुमडून ते पाण्यात उतरले, एक दांडा तोडला, डोळे मिटले आणि बोटांत फिरवला. आम्ही सगळे काठावर उभे. कितीतरी वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "गोल आहे. रिजेक्ट." आणि तो दांडा पाण्यात टाकून दिला. परतीच्या वाटेवर खिशातलं भिंग एकदाही बाहेर काढलं नाही. मला वाईट वाटलं, पण घोटीला मिसळ खाल्ली आणि विसरून गेले.

ते मात्र विसरले नव्हते. यंदाच्या उन्हाळ्यात एके दुपारी लेकीचा फोन आला, आवाज रडवेला. म्हणाली, आई, इकडच्या बाबांच्या डोळ्यांचं आत्ता कळलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, एक डोळा तर जवळजवळ गेलाच आहे, आणि त्यांनी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. इंजेक्शनं चालू केली आहेत, पण डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, राहिलंय ते जपायचं. वाचता तर कधीचंच येत नव्हतं. पेपर नुसता धरून बसायचे. मी कपाळावर हात मारून घेतला. माणूस पोळीला माप लावेल आणि स्वतःच्या डोळ्यांबद्दल तोंड मिटून बसेल, याला काय म्हणावं?

त्यानंतर लेक त्यांना रोज वाचून दाखवायला लागली. आधी पेपर, मग त्यांचं ते झाडांचं जाडजूड पुस्तक, ज्यातली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. एक दिवस वाचता वाचता जांभळ्या मंजिरीचं पान आलं. त्यात लिहिलं होतं की पाण्यात उभं राहून हिचा दांडा जाड आणि भेंडासारखा मऊ होतो. लेक सांगते, बाबांनी हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाले, परत वाच. तिने परत वाचलं. मग म्हणाले, "कोपरे पाण्याने बुजवलेत. मी चांगला माल रिजेक्ट केला." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आता हे कुणाला हास्यास्पद वाटेल, मलाही आधी वाटलं. एक फूल हो, त्याला काय कळतंय पास झालो की नापास! पण आमच्या जावयांनी मला कारखान्यातली एक जुनी हकीकत सांगितली. एकदा म्हणे तयार मालाची अख्खी रास माप चुकलं म्हणून भंगारात निघाली होती. कामगारांनी दिवसभर खपून बनवलेला माल. बाकीच्यांनी सही केली, व्याह्यांनी केली नाही. ते म्हणाले, आधी तुमचं मापच तपासा. तर खरंच, मापायचं अवजारच झिजलेलं निघालं आणि माल सगळा चांगला. तेव्हापासून ते नव्या पोरांना सांगायचे की खराब तुकडा चुकून पास झाला तर मशीन बोंबलून सांगतं, चांगला तुकडा रिजेक्ट झाला तर त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं. हे ऐकलं आणि माझं हसू गेलं. माणसाची अख्ख्या आयुष्याची पुण्याई त्या पाण्यात पडून होती. फुलं येणार भाद्रपदात, आणि तोवर त्यांची नजर किती उरेल ते डॉक्टरही सांगेनात.

भाद्रपद संपत आला तसा त्यांनी फोन केला. लेक-जावई कामावर, रजा मिळेना. म्हणाले, "विहीणबाई, मोतीबिंदू काढल्यापासून तुमची नजर चांगली आहे म्हणतात. राजगिऱ्यातला खडा दिसतो का?" मी म्हटलं, राजगिऱ्यातला काय, खसखशीतला दाखवते. म्हणाले, मग तुम्ही चला. मी उठले आणि पदर खोचला. आमचे हे गाडी चालवायला आले, पण गुडघ्यांमुळे खाली गाडीतच बसले. वरपर्यंत आम्हाला न्यायला पाड्यावरची एक बाई आली. भात निंदून आली होती, पाय चिखलाचे. तिने व्याह्यांचा हात धरला आणि कातळावरून असं नेलं, जसं आपल्याच बापाला नेतेय. वाटेत मी तिला विचारलं, त्या जांभळ्या फुलाला तुम्ही काय म्हणता? ती म्हणाली, "काय म्हनत नाय. ढोरं त्याला तोंड लावत नाय, मंग नाव कशाला ठेवायचं?" व्याही खूश झाले. म्हणाले, खरं उत्तर दिलं बाईने, उगाच काहीतरी नाव ठोकून दिलं नाही.

वर पोचलो आणि माझी बोलतीच बंद झाली. माझी! गेल्या वर्षी आम्ही जरा आधी आलो होतो, तुरळक फुललेलं होतं. या वेळी सगळं पाणी जांभळं. पाणी दिसतच नव्हतं, नुसत्या मंजिऱ्या, टोकाला टोक लावून, पार कातळाच्या कडेपर्यंत, आणि वारा आला की सगळं एकदम एका अंगावरून दुसऱ्या अंगावर व्हायचं. वर काळं आभाळ, खाली हे. मला काय झालं कोण जाणे, मी चपला काढल्या. देवळात काढतो तशा. त्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि हसली, तिच्या पायांत चपला नव्हत्याच.

व्याही म्हणाले, सांगा. आणि मग त्यांनी माझी जी उलटतपासणी घेतली, तशी माझ्या सासूनेसुद्धा घेतली नव्हती. आम्ही दोघं पाण्यात गुडघाभर उभे, मी बघत होते आणि ते विचारत होते. पानं कशी? म्हटलं, बारीक, लांब, दांड्याभोवती गोल, छत्रीच्या काड्यांसारखी. मंजिरी कशी? म्हटलं, तुळशीसारखी, पण लवदार, बाटली धुवायचा ब्रश असतो तशी. लव कशाची, फुलाची की केसरांची? भिंग लावून सांगितलं, केसरांची. केसर किती? चार. वास? काही नाही. त्यांचा चेहरा हलला नाही. म्हणाले, हे सगळं दुसऱ्या कुळातही जुळेल एखाद्या वेळी. आता खालचं सुकलेलं एक फूल घ्या, एकच, आणि त्याची वाटी उघडून आत बिया किती आहेत ते बघा. दांडा गोल होईल, वास जाईल, पण आत बिया चार असतील. या घराण्यातली मुलं एका वाटीत चारच बसतात.

बी केवढी असेल म्हणता? खसखस तिच्यापुढे लाडू. मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, भिंग डोळ्याला लावलं, आणि तळहातावर ती वाटी फोडली. पिनेच्या टोकाने बिया वेगळ्या केल्या. मोजल्या. परत मोजल्या. तिसऱ्यांदा मोजल्या. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, त्यांना काय दिसणार होतं? पण त्या माणसापुढे खोटं बोलवेना. मी म्हटलं, तीन.

व्याह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तीन तर तीन. जे आहे तेच सांगायचं, विहीणबाई." अगदी हळू म्हणाले, आणि काठाकडे वळायला लागले. आणि मी पिन परत बांगडीत अडकवायला गेले, तर पिनेच्या टोकाला काळा ठिपका. मी भिंग धरलं. चौथी तिथे चिकटून बसली होती, बया! मी ओरडले, "चार! अहो चार! माझ्या पिनेला लागली होती!" ती पाड्यावरची बाई दचकली. व्याही जागीच थांबले. परत तपासायला सांगितलं, अर्थातच. मी दुसरी वाटी फोडली, चार. मग ते खाली वाकले, समोरच्या एका मंजिरीचा दांडा न तोडता बोटांत धरला, आणि एखाद्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "पास. माझ्याकडून राहून गेलं होतं, माफ करा." माझे डोळे भरून आले, ते लपवायची काही गरज नव्हती.

मग ते काठावर येऊन उभे राहिले आणि तोंड फिरवून डोंगराकडे बघायला लागले. मला कळेना. इतका सोस करून आले आणि आता पाठ फिरवून डोंगर काय बघतायत? मी म्हटलं, अहो व्याही, फुलं इकडे आहेत. ते म्हणाले, "माहितेय. सरळ बघितलं की मधे भोक पडतं, काहीच दिसत नाही. डोंगराकडे बघितलं की कडेने हे सगळं दिसतं. सगळं जांभळं आहे, विहीणबाई. पार तिकडपर्यंत." आणि डोंगराकडे तोंड करून हा माणूस हसत होता. मला एकदम आमचा फ्रिज आठवला, आणि मिक्सर, आणि मी कशी त्यांच्या नजरेपुढे पळत होते ते. ज्या क्षणी मी समोर जाऊन उभी राहायचे, त्याच क्षणी मी त्यांना दिसेनाशी व्हायचे. आणि मी म्हणायचे, तोरा आहे.

आम्ही बराच वेळ तिथे होतो. गाडीपाशी उतरलो तर आमचे हे घोरत होते.

परवाच व्याही आले होते. नजर आणखी उतरली आहे. आता हिरवं आणि निळं वेगळं कळत नाही म्हणतात, पण कडेकडेने अजून चालतंय. मी पोळी वाढली. व्हर्निअरवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून आता बोटांनीच मापतात. म्हणाले, टॉलरन्समध्ये आहे. मग फ्रिजकडे बघून म्हणाले, "विहीणबाई, बारीक झालात तुम्ही. तब्येत बरी आहे ना?" मी बरी आहे म्हटलं. हातात उलथनं होतं, तव्यावर पोळी होती, ती करपायला लागली होती. पण मी फ्रिजपाशी गेले नाही. होते तिथेच, जराही न हलता, त्यांचं बघून होईपर्यंत उभी राहिले.